आठव्या मजल्यावरच्या गाठी

त्या हॉटेलात त्यांना सगळे मास्तर म्हणत. शाळेशी त्यांचा संबंध दहावीला सुटला तो सुटलाच. ते मास्तर होते तारांचे. अकरा मजल्यांच्या त्या इमारतीत फोनच्या, टीव्हीच्या, इंटरनेटच्या जेवढ्या तारा भिंतींच्या पोटातून धावत होत्या, त्या सगळ्या सत्तावीस वर्षं त्यांच्या हाताखाली होत्या. कुठली तार कुठून निघते आणि कुठल्या खोलीत जाऊन टेकते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येई. लोकांना आपल्या नातेवाइकांचे फोन नंबर पाठ नसतात, यांना दोनशे ऐंशी खोल्या पाठ होत्या.

पण नाव पडलं ते पाठांतरामुळे नव्हे, गाठींमुळे. प्रत्येक मजल्यावर लिफ्टशेजारी एक अरुंद खोली होती. आत यंत्रं, यंत्रांना गार ठेवायला एसी आणि छतापासून जमिनीपर्यंत तारांचे जुडगे. हे जुडगे मास्तर मेण लावलेल्या दोऱ्याने बांधत. दोन वेढे, एक गाठ, आणि गाठीचं शेपूट आत खोचलेलं, म्हणजे बाहेर दोऱ्याचं टोकसुद्धा दिसायचं नाही. तारा वळवायच्या त्या काटकोनात, वाण्याने पुडी बांधावी तशा चापून. प्लास्टिकच्या पट्ट्या बाजारात येऊन कित्येक वर्षं झाली होती, पण मास्तर त्यांच्याकडे बघून नाक मुरडत. असा दोरा वापरणारा त्या अख्ख्या इमारतीत दुसरा कुणी नव्हता. पाहुण्यांना यातलं काही कधी दिसत नसे, कारण त्या खोल्यांना कायम कुलूप. मास्तर मात्र अधूनमधून उगाच कुलूप काढून आत उभे राहत आणि आपलं काम डोळे भरून बघत. त्यात वाईट काय आहे? माणसाला एखादी गोष्ट तरी अशी असावी.

त्यांच्या हाताखाली होता त्यांचा मेहुणा, बायकोचा धाकटा भाऊ. नऊ वर्षांपूर्वी तो बेकार हिंडत होता तेव्हा मास्तरांनीच साहेबांकडे शब्द टाकून त्याला चिकटवलं होतं. पोरगा कामाला वाईट नव्हता. बिघाड पटकन सापडायचा त्याला, आणि पाहुण्यांशी बोलायचा गोड. पण बांधायचा सैल. तारा आपल्या लोंबताहेत, वळसे आपले पडलेत इकडेतिकडे. मास्तर त्याच्या मागून जाऊन सगळं सोडत आणि पुन्हा बांधत. घरी जेवायला बसले की बायकोला सांगत, "तुझा भाऊ गबाळा तो गबाळाच." गमतीत म्हणत, पण रोज म्हणत. ती ताटात वाढत राही. एकदाच म्हणाली होती, "त्याच्यासमोर नका म्हणू हो. त्याला लागतं." मास्तर हसले आणि त्याच्यासमोरही म्हणू लागले.

मग इमारतीत काच आली. मालकांनी अकरा मजल्यांचं तांब्याचं जाळं काढून काचेचं घालायचं ठरवलं. काम घेतलेल्या कंपनीचा इंजिनिअर आला आणि त्याने फळ्यावर चित्र काढून दाखवलं. तळघरात एकच यंत्र. तिथून प्रत्येक मजल्यावर केसाएवढी काचेची एक तार, तिच्यातून विजेऐवजी उजेड धावतो. मजल्यावर यंत्रबिंत्र काही नाही, फक्त भिंतीवर पुस्तकाएवढी पेटी. तिच्यात एका उजेडाचे बत्तीस उजेड होतात आणि प्रत्येक खोलीला एकेक जातो. त्या पेटीला वीज लागत नाही, ती तापत नाही, तिला एसी लागत नाही, तिच्यात बिघडण्यासारखं काही नसतंच. इंजिनिअर हे सगळं कौतुकाने सांगत होता. एका माणसाचा जन्म आपण फळ्यावर पुसतोय, हे त्याला कुठून कळावं.

कंपनीने दोन दिवसांचा वर्ग ठेवला होता. मास्तर गेले नाहीत. "मला काय शिकवणार ही काल जन्मलेली पोरं? तू जा," असं म्हणून त्यांनी मेहुण्याला पाठवलं. तो वही भरून घेऊन आला आणि चहा पिताना उत्साहाने सांगू लागला, "दाजी, काचेला ऐसपैस लागतं. वळसा मोठा ठेवायचा, आवळायचं नाही. जास्त वाकवली की उजेड बाहेर सांडतो म्हणे."

"सांडायला ते काय दूध आहे?" मास्तर म्हणाले. "तुला गाठ येत नाही, तर काच निमित्ताला मिळाली."

मेहुणा हसला आणि वही मिटून टाकली.

मजल्यांवरच्या थंड खोल्या एकेक करून रिकाम्या झाल्या. मास्तरांनी बांधलेले जुडगे कापून, पोत्यांत भरून भंगारात गेले; कापणाऱ्याने गाठी बघितल्यासुद्धा नाहीत. त्या खोल्या हाउसकीपिंगच्या बाईंना मिळाल्या. त्या बाई अकराही किल्ल्या मागायला आल्या तेव्हा मास्तरांनी त्यांना तीन खेपा घालायला लावल्या, पण शेवटी द्याव्या लागल्याच. दुसऱ्या दिवशी बघतात तो तिथे चादरी आणि टॉवेलच्या चळती. बाई म्हणाल्या, "छान गार राहतात हो या खोल्या." मास्तरांच्या अंगाचा तिळपापड झाला, पण भांडायला तोंड कुठे होतं?

याच सुमाराला मॅनेजरने दोघांना बोलावलं. माणूस सभ्य होता. सभ्य माणसं असल्या गोष्टी फार चांगल्या शब्दांत सांगतात. म्हणाला, नव्या जाळ्याला दोन माणसं लागत नाहीत, एक पुरे. दोघंही घरचेच आहात, मलाच वाईट वाटतंय. महिनाअखेर मालक स्वतः सगळे मजले बघणार आहेत, मग ठरवू. तोवर सहा ते अकरा या मजल्यांच्या पेट्या मेहुण्याकडे आणि खालचे पाच मास्तरांकडे. प्रत्येक पेटीच्या झाकणाच्या आत एक कार्ड असेल. ज्याने पेटी तपासून बंद केली, त्याची सही आणि तारीख त्यावर पाहिजे.

घरी या गोष्टीवर कुणी बोललं नाही. बोलणार काय? एकीकडे नवरा, दुसरीकडे पाठचा भाऊ. मास्तरांना त्रेपन्न पूर्ण झाली होती. इथून सुटलं तर या वयात दारात कोण उभं करणार, हे त्यांना ठाऊक होतं. पण खरी भीती पोटाची नव्हती. मुलगी मिळवती होती, दोन घास कुठे जात नव्हते. भीती होती ती सकाळी नऊ वाजता घरात बसण्याची. शेजारचे निवृत्त गृहस्थ सकाळपासून गॅलरीत उभे राहून येणाऱ्याजाणाऱ्याला वेळ विचारत, हातात घड्याळ असताना. मास्तर त्यांना पाहिलं की जिना भरभर उतरत. बायको तेवढी एकदा म्हणाली, "कुणीही राहिलं तरी मी रडणार आहे, मला विचारू नका." मेहुण्याच्या घरी दोन लहान मुलं होती. ते मास्तरांनाही माहीत होतं.

मालक सोमवारी येणार होते. आठवा मजला तेव्हा रिकामा होता. रंगकाम नुकतंच संपलेलं, आणि सोमवारी सकाळी कुठल्याशा परिषदेचे पाहुणे तिथे उतरायचे होते. मेहुण्याने शुक्रवारी त्या मजल्याच्या अठ्ठावीसच्या अठ्ठावीस खोल्या उजेड मोजायच्या यंत्राने तपासल्या, कार्डावर सही केली आणि पेटी बंद केली. शनिवारी तो सुट्टीवर. दुपारी जेवण झाल्यावर मास्तर सहज वर गेले. आठवा मजला त्यांचा सगळ्यात लाडका. उमेदीची पहिली दोन वर्षं तिथेच गेलेली. पेटी उघडली मात्र, त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. आत पिवळ्या बारीक तारांचे मोठमोठे सैल वळसे, एकावर एक, नुसते ठेवून दिलेले. बांधलंय म्हणायचं ते दोन मऊ पट्ट्यांनी, त्याही ढिल्या.

परवा मालक ही पेटी उघडणार. आपण लावलेला माणूस, आपल्या बायकोचा भाऊ, आणि हे असं काम. मास्तरांनी खिशातून मेणाचा दोरा काढला. तो चांगुलपणाच होता, असं ते आजही मनाशी म्हणतात, आणि ते खोटं नाही. मेहुणा हरला तर आपण राहू, हा हिशेब त्या घडीला त्यांच्या मनाला शिवलाही नव्हता. पण चांगुलपणात थोडी मिजास होती, आणि कापल्या गेलेल्या सत्तावीस वर्षांचा राग होता, आणि बऱ्याच दिवसांत हातांना गाठ मारायला मिळाली नव्हती. अर्धा पाऊण तास ते रमले. वळसे लहान केले, तारा कडेने काटकोनात वळवल्या, सहा ठिकाणी आवळून बांधल्या. दोन वेढे, एक गाठ, शेपूट आत. मग लिफ्टजवळच्या आठशे एकमध्ये जाऊन फोन उचलून बघितला. लागला. तांब्याच्या जमान्यात एक खोली बोलली की जुडगा बरोबर आहे असं समजायचं. पेटी लावून ते खाली आले आणि घरी जाताना त्यांनी बायकोच्या आवडीचा गजरा घेतला.

सोमवारी साडेनऊला पाहुणे खोल्यांत शिरले आणि पावणेदहापासून खालचा फोन वाजायला लागला. आठशे चारमध्ये काहीच चालत नाही. आठशे नऊचा टीव्ही येतोय आणि जातोय. आठशे वीसमधले कुणी मोठे गृहस्थ टेलिफोनवाल्या बाईंना वाटेल ते बोलले. मालक दारात गाडीतून उतरत होते. मॅनेजरचा चेहरा उतरला. मेहुणा जिन्याने आठव्या मजल्यावर धावला आणि मास्तर तळघरातल्या यंत्रापुढे बसले. तिथल्या पडद्यावर प्रत्येक खोलीसाठी एक ठिपका दिसतो. उजेड पोचला की हिरवा, नाही पोचला तर लाल. आठव्या मजल्याच्या रांगेत सतरा ठिपके लाल होते.

मोबाइल कानाला लावून दोघं बोलत होते. वर पेटीचं झाकण उघडल्याचा आवाज मास्तरांना ऐकू आला.

"काय रे? दिसतंय का काही?"

"थांबा दाजी," मेहुणा म्हणाला.

कात्रीचा आवाज आला. बारीक, एकदाच. मास्तरांच्या डोळ्यांदेखत दोन ठिपके हिरवे झाले.

"आता बघा."

"आठशे चार आली. आठशे सहा."

पुन्हा कात्री. आणखी तीन हिरवे. मास्तर खोल्यांचे आकडे सांगत राहिले, पण आवाज आपला नाही असं त्यांना वाटायला लागलं. तिसऱ्यांदा कात्री वाजली. मोजायचं नाही म्हटलं तरी ते मोजत होते. सहाव्यांदा वाजली आणि अख्खी रांग हिरवी झाली. सातव्यांदा वाजली नाही. मेहुणा म्हणाला, "झालं दाजी, वळसे सैल करून ठेवतो," आणि त्याने फोन बंद केला.

कंपनीच्या इंजिनिअरने नंतर येऊन पेटी बघितली तेव्हा आत सगळं ठाकठीक होतं. दुपारी मॅनेजरच्या खोलीत दोघं उभे राहिले. टेबलावर आठव्या मजल्याचं कार्ड होतं.

"काय झालं होतं?" मॅनेजरने विचारलं.

"तारा आवळून बांधल्या होत्या, साहेब. सोडल्यावर सुरू झालं," मेहुणा म्हणाला.

"सही तुझी आहे."

"हो."

"शुक्रवारनंतर कुणी उघडली होती पेटी?"

मेहुणा लगेच बोलला नाही. एक हात पँटच्या खिशात घालून उभा होता, आणि मास्तरांकडे त्याने बघितलं नाही. एवढी मुभा त्याने दिली, हे मास्तरांना तेव्हाच कळलं. बोलायची ती जागा होती आणि ती त्याने त्यांच्यासाठी मोकळी सोडली होती.

"मला सांगता येणार नाही, साहेब," शेवटी तो म्हणाला.

मॅनेजरने मान वळवली. "मास्तर, तुम्ही गेला होतात का वर?"

आणि मास्तर म्हणाले, "नाही."

दोन अक्षरं. त्यांच्या डोळ्यांपुढे त्या वेळी मेहुण्याची मुलं आली नाहीत, बायको आली नाही. आले ते हातात घड्याळ असून वेळ विचारणारे शेजारी. माणूस आपल्याला वाटतो त्यापेक्षा कितीतरी लहान कारणांसाठी नीच होतो, एवढंच खरं.

खापर मेहुण्याच्या डोक्यावर फुटलं. त्या आठवड्यात तो गेला. हॉटेलने त्याला जे पत्र दिलं त्यात निष्काळजीपणा हा शब्द होता, त्यामुळे तारांचं काम त्याला पुढे कुणी दिलं नाही. गावाच्या दुसऱ्या टोकाला एका गोदामाच्या फाटकावर तो बसायला लागला, आत येणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहायला. मास्तरांकडे येणं त्याने बंद केलं. बायको दर रविवारी एकटीच त्याच्याकडे जाऊन येई. मास्तर विचारत, "कसा आहे?" ती म्हणे, "बरा आहे." याच्यापुढे बोलणं सरकत नसे.

आणि मास्तरांना काय मिळालं? काम. म्हणजे काय, तर काहीच नाही. ते जाळं खरोखरच बिघडत नव्हतं. पेट्या भिंतीवर गप्प बसून होत्या, त्यांना ना वीज, ना आवाज, ना माणूस. मास्तर तळघरात पडद्यासमोर खुर्ची टाकून बसत आणि दोनशे ऐंशी हिरव्या ठिपक्यांकडे बघत. घरी नऊ वाजता रिकामं बसायला लागू नये म्हणून त्यांनी ती दोन अक्षरं उच्चारली होती, आणि आता ते नऊ वाजता तळघरात रिकामे बसत होते. पुढे मॅनेजरने त्यांना खोल्यांमधल्या टीव्हीच्या रिमोटचे सेल बदलायचं काम लावून दिलं. हाउसकीपिंगच्या बाई त्यांना आता मास्तर म्हणत नाहीत, "सेलवाले काका" म्हणतात. त्यांच्या खिशात मेणाचा दोरा असतो, पण वर्षभरात तो बाहेर निघालेला नाही.

परवाच्या रविवारची गोष्ट. बायको भावाकडे गेली होती. मास्तरांच्या कामाच्या शर्टाचं बटण तुटलं होतं म्हणून त्यांनी कपाटातून तिचा शिवणाचा डबा काढला. रिळं, सुया, सुट्या बटणांची पुडी. पुडीखाली एक कागद चौकोनी घडी करून ठेवलेला होता. त्यांनी तो उलगडला. आत दोऱ्याचे सहा वेढे होते, मेणाने अजून चिकट. प्रत्येक वेढा एका बाजूने कात्रीने कापलेला आणि दुसऱ्या बाजूला गाठ जशीच्या तशी, शेपूट आत.

ती परत आली तेव्हा मास्तर पलंगावर बसलेले होते आणि कागद त्यांच्या मांडीवर होता. तिने चपला काढल्या, पर्स खुंटीला अडकवली, आणि मग तिचं लक्ष गेलं.

"कधी दिले त्याने?" मास्तरांनी विचारलं.

"त्याच दिवशी. साहेबाच्या खोलीतून निघाला तो सरळ इथेच आला. तुम्ही कामावर होतात."

म्हणजे तिथे उभा होता तेव्हा ते त्याच्या खिशात होते, हे मास्तरांच्या लक्षात आलं. हात बाहेर काढायचा अवकाश होता.

"काय म्हणाला?"

"म्हणाला, ताई, हे कुणाला दाखवू नकोस, दाजींची नोकरी जाईल. पण मी गबाळा नाही, एवढं तुला तरी माहीत असू दे."

बाहेर जिन्यात कुणीतरी मुलाला हाका मारत होतं. मास्तरांनी कागदाची घडी घालायचा प्रयत्न केला. ती नीट बसेना.

"वर्ष झालं," ते म्हणाले. "एका शब्दाने बोलली नाहीस तू."

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते. आधी वाटलं, आज बोलतील. मग म्हटलं, या महिन्यात तरी. मग वाट बघायचंच सोडून दिलं." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "रोज तुमचं ताट वाढताना मनात यायचं, विचारावं. मग वाटायचं, मलाही नाहीच म्हणाल."

तिने त्यांच्या मांडीवरून कागद उचलला, सहा वेढे मोजून त्यात ठेवले, घडी घातली आणि पुडीखाली सरकवली. मग शर्ट घेतला, सुईत दोरा ओवला आणि खिडकीशी बसून बटण लावलं. दोरा दातांनी तोडून तिने शर्ट झटकला.

"उद्या हाच घालायचाय ना कामावर?" तिने विचारलं.

मास्तर म्हणाले, "हो."